पेंढ्याने घासलेली झेन

१४ जून १९९६

आली! गाडी आली! पांढरी मारुती आठशे, जुनी, कल्याणच्या एका डॉक्टरांची. धसईचा गॅरेजवाला अनिल इंजिनाला कान लावून म्हणाला, "बाई, डोळे मिटून घ्या." घेतली. धसई ते मुरबाड, रोज शाळेला एसटीत उभं राहून पाच वर्षं काढली. संपलं ते!

बाबा अंगणात उभे. गाडीभोवती एक फेरी मारली. टायर दाबला. बॉनेटवर थाप मारली आणि विचारलं काय, तर "किती दाती आहे?" बैल घेताना विचारतात तसं! म्हटलं, सहा वर्षांची आहे. "मंग जुळली की गो!" म्हणजे सगळे दात आले, वय झालं. शेजारची भागीरथी काकू कुंपणापलीकडून इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी पण हसले. पण मी हसावं का? बाबांचं सगळं आयुष्य छकड्यात गेलं. शर्यतीला आमच्या हरण्या-पाखऱ्याची बैलजोडी उतरली की शहापूरपर्यंतचे लोक बघायला येतात. आणि एक्क्याण्णव साली शेणव्याहून, सासरच्या दारातून, मी आले ती त्याच छकड्यातून. बाबांना चिठ्ठीत मी फक्त 'बरी आहे' लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी दारात छकडा! बाबा मला म्हणाले, "चल, बस." एवढंच. का परत आलीस, हे आजपर्यंत विचारलेलं नाही. आई असती तर तिने विचारलं असतं. आता घरात आम्ही दोघंच.

१६ जून १९९६

गाडी फाटकाच्या खांबाला घासली. कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत आहे.

२३ जानेवारी १९९७

आज बाबांना गाडीतून म्हसा गावच्या यात्रेला नेलं! बैलबाजार बघायचा होता त्यांना. पहिल्यांदाच पुढच्या सीटवर. धोतर सावरून बसले, पाय असे रोवले जणू गाडी उधळणार आहे. उजवी मूठ आवळलेली, आत कासरा नाही एवढंच.

मुरबाडच्या पुढे एक टेम्पो आडवा-तिडवा चालला होता. हॉर्न वाजवून थकले. मग थोडा रस्ता मोकळा मिळाला, तिसरा गिअर टाकला, दाबली. आणि शेजारून आवाज — "हाण! हाण चंदे, हाण!" शर्यतीत ओरडतात तसंच! टेम्पो मागे पडला तेव्हा बाबा काचेतून मागे वळून त्या ड्रायव्हरकडे बघत होते. मिशीत हसत होते.

बाजारात एकही बैल धड बघितला नाही. येताना म्हणाले, "हात बसलाय तुझा." वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मला बापाकडून शाबासकी मिळाली, आणि मी गाडी चालवताना रडत होते. वेडी!

१९ ऑक्टोबर १९९९, दसरा

झेन! लाल! नवी कोरी!

आठशे शाळेतल्या नव्या बाईंना दिली. जाताना वाईट वाटलं, पण ते शाळेच्या फाटकापर्यंतच. ही काय गाडी आहे! बुटकी, गोल, जमीन धरून पळणारी. दुसऱ्या गिअरात दाबली की पाठ सीटला चिकटते. वळणावर डुलत नाही, सरळ आत घुसते. उगाचच टोकावड्यापर्यंत जाऊन आले. काम काही नव्हतं. एका जीपवाल्याला मागे टाकलं, त्याला बाई दिसली तसा तो पेटला, पण सापडते कसली मी!

बाबांनी झेंडूचा हार घातला. "हरण्या तरुणपणी असाच होता," म्हणाले. याहून मोठं कौतुक त्यांच्याकडे नाही.

८ नोव्हेंबर १९९९, पाडवा

लिहायला नको वाटतंय. पण लिहिते.

पाडव्याला आमच्याकडे बैल धुतात, अंगावर गेरूचे पंजे उठवतात, दुपारी पेंढ्याच्या जाळावरून उडवतात. बाबा पहाटेपासून त्याच नादात. मी आत चकल्या तळत होते. बाहेर आले तर बैल धुऊन झालेले, आणि बाबा माझी झेन धूत होते. पेंढ्याच्या बोळ्याने. राख आणि वाळू लावून! बैलाची पाठ घासतात तसं, जीव लावून, घसाघसा. अख्खं बॉनेट, एक दार आणि छप्पर. लाल रंगावर पांढऱ्या रेघाच रेघा. बाजूला गेरूची वाटी तयार.

मी ओरडले. "अक्कल आहे का तुम्हाला? बैल आहे का तो? हात लावू नका माझ्या गाडीला! कधीच हात लावू नका!" सगळी आळी जमलेली, पाहुणे, पोरं. धर्मा पाटलाला त्याच्या अंगणात असं बोलायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. ती मुलीची झाली.

बाबांनी बोळा खाली ठेवला. "बरं," म्हणाले. विहिरीवर जाऊन हात धुतले. गेरूची वाटी तशीच राहिली.

९ नोव्हेंबर १९९९

माफी मागायला गेले. "चुकलं माझं बाबा." ते म्हणाले, "चहा घेतलास?" मी चहा ठेवला.

१२ जानेवारी २०००

म्हशाची यात्रा जवळ आली. म्हटलं, चला, सोडते. "एसटी आहे ना," म्हणाले.

४ फेब्रुवारी २००१

अनिल म्हणतो, बाई, एका दिवसात रंग मारून देतो, रेघ दिसणार नाय. नको म्हटलं. त्याला वाटलं मी चिकटपणा करतेय. वाटू दे. त्या रेघा बाबांनी मायेने काढल्यात, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. ओरडायच्या एक मिनिट आधी कळलं असतं तरी चाललं असतं.

गाडी तशी झकास पळते. रेघांचं तिला काही नाही. मलाच आहे.

१७ मे २००३

पाखऱ्या गेला. हरण्या मागच्याच वर्षी गेला होता. बाबा दिवसभर गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून होते. मी शेजारी जाऊन बसले. उठून गेले नाहीत.

संध्याकाळी म्हणाले, "गोठा रिकामाच आहे. तुझी गाडी उन्हात कशाला? आत घाल." चार वर्षांत गाडीचं नाव त्यांनी पहिल्यांदा काढलं! मी झेन आत घातली. गव्हाण तशीच समोर. भागीरथी काकू म्हणाली, "आता हिला वैरण टाक गो!" बाबा हसले. खरंच हसले.

पण बसायला चला म्हटलं, तर नाही.

३० मार्च २००६, गुढीपाडवा

स्विफ्ट आणली. चंदेरी. शाळेतल्या मुली गाडीला गराडा घालून उभ्या होत्या, एकीने विचारलं, "बाई, किती पळते?" सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हेडमास्तरांपर्यंत गेलं असतं. म्हशाच्या सरळ रस्त्यावर काटा कुठे गेला होता ते माझं मला माहीत!

बेचाळिसाव्या वर्षी हे शोभतं का? नसेल शोभत. मजा येते.

झेनचं काय करायचं, विचारलं. बाबा म्हणाले, "राहू दे. जागा आहे."

१५ ऑक्टोबर २००६

दर रविवारी झेन चालू करून ठेवते, बॅटरी उतरू नये म्हणून. गणिताची बाई आहे, काट्यावरचा आकडा लिहून ठेवायची खोड. आज ८१,३१२. अंगणाबाहेर काढली नाही.

२९ ऑक्टोबर २००६

बाबांनी विचारलं, "माझा जन्म कधीचा गो?" चौथीचा शाळा सोडल्याचा दाखला ट्रंकेत सापडला. कशाला हवाय? "रेशन कार्डाला लागतो." पासष्ट पूर्ण झाली त्यांना. दाखला नीट घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.

५ नोव्हेंबर २००६

८१,३३९! सत्तावीस किलोमीटर! उभ्या गाडीने?

१२ नोव्हेंबर २००६

८१,३९०. शिवाय सीट मागे सरकवलेली. माझा पाय क्लचपर्यंत पोचेना. किल्ली खुंटीवर असते, मी शाळेत असते. म्हणजे अनिल! त्याच्याकडे झेनची सगळी कामं, त्याला सगळं ठाऊक. गॅरेजमध्ये जाऊन चांगलं झाडलं त्याला. तो दात काढतोय नुसता. "देवाशपथ बाई, मी नाय चालवली." चेहरा असा की खोटं बोलत नसावा, पण हसतोय कशाला?

घरी येऊन भागीरथी काकूला विचारलं, इकडे कोण येतं ग दुपारचं? म्हणाली, "मला काय माहीत बाय? शर्यतीच्या माळावर धुरळा उडतो हल्ली. वारा असंल."

सगळी आळी वाऱ्यावर ढकलतेय!

२० नोव्हेंबर २००६

बाबा अनिलबरोबर कल्याणला डोळे तपासायला गेले. मला म्हणाले नाहीत, चल म्हणून. माझी गाडी दारात, आणि ते दुसऱ्याबरोबर एसटीने. मोतीबिंदू असेल का? "डागदर म्हनला, नजर घारीची आहे," असं म्हणतात. माझ्यापासून लपवत असणार. काळजी वाटते. आणि रागही येतो. सात वर्षं झाली. किती दिवस शिक्षा देणार?

२६ नोव्हेंबर २००६

ठरवलं होतं, झेन देऊन टाकायची. गोठ्यात गेलं की ते बॉनेट दिसतं आणि पाडवा आठवतो. त्यात ही चोरून चालवण्याची भानगड. मुरबाडचा एकजण बघायला आला. त्याने बॉनेटवर बोट फिरवून विचारलं, "हे कुठल्या गाढवाने केलं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा गोठ्यात आले. सरळ गाडीपाशी. बॉनेटवर हात ठेवला. सात वर्षांनी हात! "त्या गाढवानं सांगितलंय, गाडी द्यायची नाय."

तो माणूस गेला. मी म्हटलं, बाबा, खरंच नको द्यायला? "नको." का? "सांगेन." हात अजून बॉनेटवरच होता. मी स्वयंपाकघरात जाऊन भरपूर रडले. कांदा चिरत होते, ते बरं झालं.

१८ डिसेंबर २००६

शाळेच्या पायरीवरून पडले. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर, सहा आठवडे. हे डाव्या हाताने लिहितेय. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं.

२१ डिसेंबर २००६

पुन्हा एसटी. पुन्हा उभ्याने. स्विफ्ट दारात नुसती उभी. बाबा बघतात. आज माझा डबा त्यांनी भरून दिला. मीठ दोनदा.

३१ डिसेंबर २००६

८१,६०४. लिहिते फक्त. भांडायला हात नाही.

कल्याणहून बाबांच्या नावाने जाड पाकीट आलं. उघडून दाखवलं नाही. पण संध्याकाळी गेरू उगाळत बसले होते. म्हटलं, बाबा, पाडवा कधीच गेला. म्हणाले, "माहीत आहे."

३ जानेवारी २००७

म्हशाच्या यात्रेची अर्धी सुट्टी. शाळेच्या फाटकाबाहेर एसटीसाठी निघाले तर समोर झेन. बॉनेटवर रेघा, रेघांवर गेरूचे दोन पंजे. स्टिअरिंगवर बाबा, एकटे, डोक्याला फेटा, खिशात लायसन. पोरं टाळ्या वाजवतायत. बाबांनी वाकून पलीकडचं दार उघडलं.

"चल, बस."

बसले. मुरबाडच्या पुढे एक टेम्पो आडवा आला. बाबांनी माझ्याकडे बघितलं.

मी ओरडले — हाणा, बाबा! हाणा!