वखारीची तिसरी तुळई

४ जानेवारी २०२५, शनिवार

स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला! जोर लावलाच नव्हता. नुसता टेकवला होता.

नाटकाचे दिवे टांगायला शिडीवर चढले होते. वखारीत हे काम माझंच — बांधकाम खात्यात तेहतीस वर्षं काढलेली दुसरी कुणी आमच्या नाट्यमंडळात नाही. तिसऱ्या तुळईचा रंग एका जागी फुगलेला दिसला, म्हणून टोचून बघितलं. आत लाकूड नाहीच. वाळवीची माती.

खालून गुलामभाई ओरडले, "क्या हुआ ताई?"

"काही नाही. धूळ आहे नुसती."

त्या तुळईच्या बरोब्बर खाली पहिल्या तीन रांगा येतात.

५ जानेवारी

कुणाला सांगितलं नाही.

७ जानेवारी, मंगळवार

केसरीनाथला वर चढवलं. कशेळीचा सुतार. आमचे सेट तोच उभे करतो, पैसे घेत नाही — मंडळात कुणीच घेत नाही. हातोडीनं टकटक करत, कान लावत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. उतरल्यावर हात झटकले.

"बाय, ही न्हाय राहिली. नुसता रंग हाय."

"किती दिवस टिकेल?"

"धा वर्सं टिकंल. नायतर उद्या पन येल खाली. मी काय सांगू?"

त्याला म्हटलं, सध्या कुणाला सांगू नकोस. त्यानं माझ्याकडे बघितलं, मान हलवली. मला स्वतःचीच लाज वाटली.

१० जानेवारी

आज शुक्रवार, कापडाच्या लूम कारखान्यांना सुट्टी. त्यामुळे तालीम दुपारपासून आणि सगळे हजर.

रुबीनाचं हे पहिलं नाटक. पंचवीस वर्षांची पोर, शाळेत शिकवते. रात्रपाळीच्या कामगाराच्या बायकोवर लिहिलंय, आणि काय लिहिलंय! म्हाताऱ्या सासऱ्याचं काम गुलामभाईंचं. वय शहात्तर. "ये मेरा आखरी," म्हणतात, पण ते गेल्या वर्षीही म्हणाले होते. आज सुनेला निरोप देण्याच्या प्रवेशात आवाज न चढवता असं बोलले, की प्रॉम्प्टिंगची वही माझ्या हातात तशीच राहिली.

सव्वीस जानेवारीचा प्रयोग. रुबीना तिच्या शाळेतल्या चाळीस मुली आणणार आहे. "पुढेच बसवते, म्हणजे गडबड नाही करणार."

मी "बरं" म्हटलं.

का गप्प आहे मी? इथे तरी खरं लिहावं. असे अहवाल मी नोकरीत ढीगभर लिहिलेत. 'दुरुस्ती होईपर्यंत बंद.' एका गावचं वाचनालय माझ्या सहीनं बंद झालं. अकरा वर्षं झाली. दारावर अजून तेच कुलूप. लोकांनी एकदा सोडलेली इमारत परत मिळत नाही. आणि ही वखार! खाडीतून गलबतं यायची तेव्हाची. गुलामभाईंच्या आजोबांचा तांदूळ इथे उतरायचा. भाताचा धंदा सरला तेव्हा त्यांनी ती नाटकवाल्यांना देऊन टाकली. तेव्हापासून मास्तर, कारकून, लूमवाले, सगळे इथे एकाच आरशात बघून मिशा लावतात. भिवंडीत अशी दुसरी जागा कुठे आहे?

१२ जानेवारी, रविवार

गुलामभाईंना सांगितलं. त्यांच्या घरी, चहा पिताना.

कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "सत्तरची दंगल, चौऱ्याऐंशीची दंगल, या गावात काय नाही झालं ताई? तरी पुढच्या वर्षी वखारीत नाटक झालंच. आता लाकडाच्या एका तुकड्यासाठी बंद करायची?"

"तुकडा नाही, गुलामभाई. तुळई आहे."

"चौदा दिवस. बस. इतकी वर्षं उभी आहे, चौदा दिवस नाही उभी राहणार? प्रयोग झाला की सत्तावीसला मीच तुमच्याबरोबर महापालिकेत येतो."

मी हो म्हणाले. केसरीनाथकडून खाली दोन टेकू लावून घ्यायचे असं ठरवलं, आणि मनाला सांगितलं, एवढं पुरेल.

१४ जानेवारी, संक्रांत

मिहिरचा ठाण्याहून फोन. तिळगूळ वगैरे झालं. मग म्हणाला, "आई, सव्वीसला ईराला घेऊन येतो. आजीचं नाटक बघायचंय म्हणते."

मी पटकन म्हटलं, "नको रे. धूळ फार असते तिथे. तिला खोकला आहे ना?"

"खोकला? कधीच गेला."

"तरी नको."

फोन ठेवला.

माझी नात नको. रुबीनाच्या चाळीस मुली चालतील!

१५ जानेवारी

सकाळी अहवाल लिहिला. एका बैठकीत. अकराला महापालिकेत दिला, पोच घेतली. मग गुलामभाईंना फोन केला. "थांबता नाही आलं मला," एवढंच म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

१६ जानेवारी

संध्याकाळी तालमीआधी सगळ्यांना बाहेर अंगणात बसवलं आणि सांगितलं. कुणी म्हणालं, प्रयोगानंतर द्यायचा ना अहवाल. कुणी म्हणालं, आता या जागेवर गोदामवाले टपलेलेच आहेत, गेली वखार. ते सगळं मी ऐकून घेतलं. शेवटी रुबीनानं विचारलं, "मॅडम, तुम्हाला कधी कळलं?"

"चार तारखेला."

"म्हणजे बारा दिवस आम्ही त्याच्याखाली उभे होतो. आणि तुम्ही वहीतून आम्हाला वाक्यं सांगत होतात."

वही माझ्या हातातच होती.

गुलामभाई दाराला टेकून उभे होते. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

१८ जानेवारी

नोटीस लागली. किल्ली गुलामभाईंनी स्वतः नेऊन दिली, असं ऐकलं.

२१ जानेवारी

फोन नाही. कुणाचाच नाही.

२२ जानेवारी, बुधवार

दुपारी दार वाजलं. रुबीना! आत आली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली.

"नारपोलीला गुलामचाचांचा जुना कारखाना आहे. लूम विकल्यापासून रिकामा पडलाय. प्रयोग तिथे करायचा म्हणतोय आम्ही."

"छान होईल."

"चाचा तयार आहेत. पण मी सांगितलं, सुनीती मॅडम आधी वर चढून बघतील. त्या हो म्हणाल्या तरच." मग म्हणाली, "राग गेलेला नाही माझा. पण आता तुम्ही खोटं नाही बोलणार, एवढं कळतं मला."

चप्पल घातली आणि तशीच निघाले. पत्र्याचं छप्पर, ते पेलणाऱ्या लोखंडी कैच्या. तासभर एकेक बोल्ट तपासला. दोन बदलायला लावले. मग हो म्हटलं.

संध्याकाळी मिहिरला फोन केला. ईराला घेऊन ये.

२६ जानेवारी

झाला प्रयोग!

भिंतीपलीकडच्या कारखान्यात लूम चालू होते, एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. गुलामभाई सासऱ्याच्या वेषातच तिकडे गेले, काय बोलले कोण जाणे — एकेक करून लूम थांबले. तिथले कामगार आमच्या मागे येऊन उभे राहिले. बनियनवर, केसांत कापूस. बायको घड्याळाकडे बघत नवऱ्याच्या पाळीचे तास मोजते त्या प्रवेशाला त्यातला एकजण हुंदका देऊन बाहेर गेला. रुबीनानं ते बघितलं. ईरा तिच्या मुलींमध्ये पुढे बसली होती.

निरोपाच्या प्रवेशात गुलामभाई अडले. मी वाक्य सांगितलं. त्यांनी उचललं. पंधरा तारखेच्या फोननंतर आमच्यात झालेलं तेवढंच बोलणं.

३१ जानेवारी

महापालिकेचे लोक वखार बघून गेले. फक्त छप्पर उतरवायचं. भिंती आणि सागाचे खांब चांगले आहेत, ते राहतील. नवं छप्पर घालायला परवानगी देऊ म्हणतात. लेखी अजून नाही. मी मागे लागणार आहे. आता दुसरं काम काय मला!

६ फेब्रुवारी

आज तिसरी तुळई कापली. गुलामभाई येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. वर बघतच म्हणाले, "ताई, मला सहा वर्षांपासून माहीत होतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"दर वर्षी माझ्या बिल्किसला मुद्दाम तिच्याच खाली बसवायचो. वाटायचं, माझी नात खाली असेल, तर अल्ला पडू देणार नाही."

शहात्तर वर्षांचा माणूस. मी त्यांचा हात धरला.

वरून केसरीनाथ ओरडला, "बाजूला व्हा!"

आम्ही दोघं बाजूला झालो.