ती साडी मरून होती

अहो वसंतराव,

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी स्वतःला विधवा म्हणून भिंतीवर टांगलेलं पाहिलं. फोटो तुम्हीच काढलेला, अर्थात हयात असताना. म्हणून लिहितेय.

तुमच्या फोटोक्लबने तुमच्या आठवणीत प्रदर्शन भरवलंय. आपल्या सिमरोल गावच्या वडाखालचा माझा फोटो मधोमध, आणि खाली पाटी: ‘बर्फातली विधवा, काश्मीर’. मी आयुष्यात काश्मीर पाहिलेलं नाही.

सेक्रेटरी तुमचा लाडका पंकज. म्हणतो, “आंटीजी, झाड सफेद, साडी सफेद, तो मला वाटलं...”

मी म्हटलं, “भिया, हा इन्फ्रारेड रोल आहे. त्यात हिरवी पानं पांढरी येतात, आणि माझी मरून महेश्वरी साडीसुद्धा.”

“पण पब्लिकला टच करतंय ना. दोन लेडीज रडल्या.”

“त्यांना सांग, नवरा समोरच उभा होता आणि ‘हलू नकोस’ म्हणून ओरडत होता.”

आठवतं ना? तो काळा फिल्टर लावला की कॅमेऱ्यातून काहीच दिसायचं नाही. म्हणून आधी फ्रेम ठरवायची, मग फिल्टर चढवायचा, आणि तोवर मी खांबासारखी उभी. एक फोटो बिनफिल्टरचा, एक लाल फिल्टरचा, एक काळ्याचा. नाकावर माशी बसली, तरी हलले नाही.

आणि तुम्ही? प्रिंटच्या मागे फक्त फिल्टरचा नंबर. जागा नाही, तारीख नाही, माझं नाव नाही. पानावर तारीख नसली तर कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर वही परत फेकायच्या. तुम्हाला शंभरदा सांगितलं, तर म्हणायचात, “फोटो स्वतः बोलतो.” बोलला. धडधडीत खोटं बोलला.

काल कपाटातून निगेटिव्हची पट्टी शोधली आणि पट्टीच्याच मापाची कॉन्टॅक्ट प्रिंट करून आणली. तिन्ही फोटो एकापाठोपाठ, झाड तेच, मी तीच. पहिल्यात साडी काळपट, शेवटच्यात दुधासारखी.

आता मी खरंच विधवा आहे. ते माझं मी बघेन. पण त्या दुपारी नव्हते, आणि ती दुपार मी कुणाच्या रडण्यासाठी देणार नाही.

शब्द देते, तिन्ही फोटो शेजारी-शेजारी लागतील; खाली फिल्टर, जागा आणि माझं नाव. पंकजला पत्र देऊन पोच घेतली आहे. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत चूक मान्य केल्याचं लेखी उत्तर हवं. फोनवरचं ‘सॉरी आंटीजी’ चालणार नाही.

सुनंदा