सुना मोजल्या, लेकी राहिल्या

प्रिय आत्या,

सुषमाला धावायची परवानगी मिळाली! आज सकाळी डॉक्टरांनी सांगितलं. ही बातमी सगळ्यांत आधी तुला कळायला हवी, म्हणून इथं सांगलीत, मी काम करते त्या जनुकांच्या प्रयोगशाळेतच लिहायला बसलेय.

तू गेलीस ती हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारानं. तुझ्या एका जनुकात बदल सापडला होता, पण त्यापुढं लिहिलेलं, ‘अर्थ अनिश्चित’. सुषमात तो बदल नव्हता, पण आजार त्यानंच होतो हे ठरलं नव्हतं, म्हणून त्यावर विसंबता येईना. तुझ्या लेकीची पोलीस भरती तिथंच अडकली. धडधाकट पोरगी मैदानाच्या कडेला बसून रडायची गं!

तुझ्यावर माझा राग आहे. जिना चढताना धाप लागायची, ती का लपवलीस? म्हणे, “काय न्हाई गं, वय झालं आता!” पन्नाशी तरी गाठली होतीस का?

आणि आपल्या माणसांची कमाल ऐक. आपल्या गावी शिराळ्यात, हा बदल घरात आणखी कुणाकुणात आहे ते पाहायला रक्ततपासणीचं शिबिर झालं. ‘एका रक्ताची माणसं या’ म्हटल्यावर थोरल्या काकांनी काकूंसकट घरातल्या सगळ्या सुना रांगेत उभ्या केल्या! लेकींना निरोपसुद्धा नाही. “सुना घरच्या. लेकी दिल्या घरी गेल्या, त्येंचा काय संबंध?” शिबिरातल्यांनी ते सांगतील तसं लिहून घेतलं.

आता आमच्या प्रयोगशाळेच्या जनुक-नोंदींच्या डेटाबेसचा नियम कडक झालाय. नातं रक्ताच्या नमुन्यातूनच पडताळल्याशिवाय नोंद धरायची नाही. त्या पडताळणीत काकू पकडल्या गेल्या, रक्ताचं नातंच जुळेना! काकांना सांगितलं तर माझ्यावरच डाफरले, “मग ती काय परकी हाय व्हय?” मी हसून हसून बेजार.

नागपंचमीला माहेरवाशिणी आल्या, तेव्हा त्यांचं रक्त घेतलं, हृदयही तपासलं. ज्यांचं हृदय जाड, त्या सगळ्यांत तुझाच बदल! घरचं प्रकरण म्हणून मला बाजूला ठेवलं. दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासलं, बाहेरचा पुरावा जोडला, आणि मगच ‘अनिश्चित’च्या जागी ‘रोगकारक’ आलं. शब्द वाईट, पण त्यानंच सुषमा सुटली, तो बदल तिच्यात नाहीच ना!

तुझ्यापासून काय लपवू? तो बदल माझ्यात निघाला. भीती वाटली, वाटणारच. पण आत्या, मला वेळेत कळलंय! तपासण्या सुरू झाल्यात, डॉक्टर लक्ष ठेवून आहेत.

उद्या माझ्या गौरीचं रक्त द्यायचंय. निकाल ‘हो’ येईल नाहीतर ‘नाही’ येईल, दोन्हीची तयारी आहे माझी. पण माझ्या लेकीला कुणी ‘सांगता येत नाही’ म्हणणार नाही, हा माझा शब्द.

तुझी लाडकी भाची,
वैशाली