कोड्यांची पुस्तके कोणाच्या नावाने

मी, नीला हरिहर आठल्ये, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार नौपाडा, ठाणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. प्रकृती बेताची, बुद्धी शाबूत आणि राग ताजा आहे. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील ठेवी मुलगा साकेत आणि मुलगी अंतरा यांना समान.

२. शिवणयंत्र अंतराला. साकेतच्या घरी ते अडगळीत जाईल.

३. गणिती कोड्यांची जुनी पुस्तके. ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. माझ्या पगारातून, स्टेशनजवळच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून घेतलेली. पिवळी पाने, आगकाड्यांच्या आकृत्या, आणि एकदा डोक्यात शिरले की भाजी करपेपर्यंत न सोडणारे कोडे. तिथे बरोबर उत्तर बरोबरच असते, काढणारे कोणीही असो. घरात तसे नव्हते.

माझे पती कै. हरिहर दर रविवारी मित्र जमवून ही कोडी घालत. कोणी चोरून पाहू नये म्हणून मागची उत्तरांची पाने खळीने चिकटवलेली असत. खळ मी शिजवायची आणि उत्तरेही मीच काढायची. स्वयंपाकघरात ह्यांना सांगायची, बाहेर ती ह्यांची होत.

एकदा तीन जोडप्यांना होडीतून पलीकडे न्यायचे कोडे होते. नवऱ्यांचा बायकांवर विश्वास नाही आणि होडीत दोघांपुरतीच जागा. सगळे अडले, तेव्हा मी दारातूनच उत्तर सांगितले.

"अगं, चहा उतू जाईल, तो बघ आधी," हे हसून म्हणाले.

मी चहा घेऊन आले, तर माझेच उत्तर हे कागदावर काढून दाखवत होते आणि मित्र वाहवा करत होते.

परवा साकेत म्हणाला, "आई, वाचनालयात बोललोय मी. कपाटावर बाबांचं नाव टाकू. जीनियस होते यार बाबा!"

"पुस्तकं माझी आहेत. कोडीही मीच सोडवायचे."

तो हसला. "काय गं आई, तू तर चहा द्यायचीस."

४. सबब, पुस्तके वाचनालयास माझ्याच नावाने द्यावीत. त्यांना मान्य नसल्यास रद्दीत घालावीत. हरिहर यांच्या नावाने एकही पुस्तक कोठेही जाऊ नये. अंमलबजावणी अंतराने करावी.

५. साकेत, हे वाचून तुला लागेल. लागू दे. तू बापासारखा हसलास, तेव्हा मला लागले होते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि एक शब्दही बदलला नाही.

सही: नीला आठल्ये

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. देवराम भोईर, कोलशेत
२. सोनल कर्वे, कोपरी

ठाणे, १४ जानेवारी २०२५