तीन रकान्यांची वही

चँडलर, ९ नोव्हेंबर २००८, रविवार दुपार

अण्णा, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एकदाही लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफ करा. आज सकाळी नेव्हीवाल्या काकांचा फोन आला होता. ठेवताना त्यांनी नेहमीचं विचारलं, "बाय, तुझा बापूस माझ्यावर कशाला रुसला गो?" मीही नेहमीसारखं म्हटलं, "माहीत नाही, काका." सात वर्षं मी हेच म्हणते आहे. मला माहीत आहे.

इथे परदेशात दुपारचं ऊन इतकं स्तब्ध असतं की वेळ कुठेतरी थांबून राहिल्यासारखा वाटतो. शेजारच्या अंगणात पाण्याचे फवारे सुरू झाले की मी डोळे मिटते, आणि या वाळवंटात हळूहळू आपलं बेट वर येतं. जेट्टी, डिझेलचा वास, तुमचं लष्करी भांडार, तिथून दोनशे पावलांवर काकांचं नौदलाचं. हवाईदलाचं टेकडीपलीकडे, धावपट्टीपाशी. तिघांचे साहेब वेगळे, आणि त्या साहेबांचे साहेब समुद्रापार तीन वेगळ्या शहरांत. आपल्या स्वयंपाकघरात काका पाटावर बसून चहा पितायत. नौदलाच्या दवाखान्याचा जनरेटर बंद आहे, पट्टा तुटलाय, नवा घेऊन जहाज यायला अजून आठवडा. तुम्ही तो तुटका पट्टा हातात घेऊन उलटसुलट करून बघता.

"अरे, हे चार पडलेत माझ्याकडे. आमच्यात नंबर वेगळा आहे."

"म्हणजे मी जहाजाची वाट बघतोय नि पट्टा तुझ्या उशाला?"

आई इतकी हसली की गाळणं तिच्या हातून पडलं. त्याच संध्याकाळी तुम्ही माझ्या जुन्या वहीत तीन रकाने आखलेत: लष्कर, नौदल, हवाईदल. वस्तू एक, नंबर तीन. मग दर रविवारी तुम्ही दोघं ती भरायला बसायचात. काका म्हणायचे, "तिघांना मिळून एक साहेब दिला तर ही वही लागायचीच नाही." तुम्ही म्हणायचात, "तोवर ही वहीच साहेब."

मग एके दिवशी वही जप्त झाली. भांडाराचे नंबर घरी उतरवून ठेवल्याबद्दल चौकशी झाली आणि तुमची बदली. निघालो तेव्हा काका जेट्टीवर उभे राहून सलाम करत होते, त्यांचा नौदलाचा, तळवा खाली वळवलेला. तुम्ही तिकडे पाहिलं नाहीत. आईला एवढंच म्हणालात, "त्याच्याशिवाय वहीचं कुणाला ठाऊक होतं?" मी तुमच्या नि आईच्या मध्ये उभी होते, जहाजाच्या कठड्याला धरून.

बेटांवर तिन्ही दलं एकाच कमांडखाली, एकाच साहेबाच्या हाताखाली आली तेव्हा, २००१ साली, काकांनी पुतण्याकरवी माझा नंबर शोधून पहिला फोन केला. "झाला गो एक साहेब! एकदा आमचा, एकदा तुमचा, एकदा हवाईवाल्यांचा, आळीपाळीनं. आता समुद्रापार तीन दारं वाजवायला नकोत. तुझ्या बापसाला कळायला हवं होतं." आणि मग तो प्रश्न, पहिल्यांदा.

गंमत म्हणजे मी इथे तेच काम करते. आमच्या कंपनीने दोन कंपन्या घेतल्या, आता तीन गोदामांतल्या एकाच सुट्या भागाचे तीन नंबर मी जुळवते. लेकीला तुमच्या वहीबद्दल सांगितलं तर म्हणाली, "सो आई, आजोबा बेसिकली डिड युवर जॉब? विदाउट अ कंप्युटर? दे मस्ट हॅव गिव्हन हिम अ प्रमोशन!" मी भांडी लावत राहिले.

अण्णा, वही मी शाळेत नेली होती. तुमच्या मेजरसाहेबांच्या मुलीला दाखवायला. ती वडिलांच्या जीपमधून यायची, आणि मला दाखवायचं होतं की माझे वडील असं काही करतात जे कुणालाच जमलं नाही. अभिमानच होता तो, की नुसतीच बढाई? इतकी वर्षं उलटसुलट करूनही मला ठरवता येत नाही. चौदा वर्षांची होते, असं मी स्वतःला सांगते. पण तुम्ही शेवटच्या दुखण्यात काकांबद्दल मला विचारलंत, "त्याचं काही पत्र?" तेव्हा मी वीस वर्षांची होते. मी "नाही" म्हटलं आणि तुमची उशी सारखी केली. त्याच क्षणी सांगायला हवं होतं.

तुम्हाला आता कुठे पाठवणार हे? पण काका आहेत. त्यांना ऐकू फार कमी येतं आता. मी बोलते ते पुतण्या त्यांच्या कानाशी पुन्हा ओरडून सांगतो. म्हणजे ही गोष्ट त्यालाही ऐकावी लागेल, आणि शेजारच्या खोलीत माझ्या लेकीलाही.

उद्या: संध्याकाळी सातला काकांना फोन. मोठ्याने बोलायचं.