पहिला पेला

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? खरं कळवा. (मामींना विचारलं तर त्या म्हणतात, सोंग आहे.) इकडे मी ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, एरवी माझं काही खरं नाही.

आमच्या कापड रंगवायच्या कारखान्यात सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचा प्लांट बसवला आणि तो माझ्या गळ्यात मारला, हे तुम्हाला माहीत आहेच. पाणी आधी वाळूच्या गाळणीतून जातं, मग मेंब्रेनमधून. मेंब्रेन म्हणजे पातळ पडद्याच्या गुंडाळ्या. पाणी पलीकडे, रंग अलीकडे, असं ठरलेलं. आता गाळणीत गाळ साठला की स्वच्छ पाणी उलटं सोडून ती धुवावी लागते. हे आमच्या साहेबांनी पाहिलं (साहेब डोळ्यांतलं पाणीसुद्धा पुसून परत वापरतील) आणि ते हबकलेच. म्हणे, पाणी वाचवायला प्लांट काढला आणि तुम्ही त्याच पाण्यानं वाळू धुता? धुणं बंद. मी परोपरीनं समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. (तेवढं एक पाणी मात्र आमच्याकडे सर्रास वाया जातं.)

मग व्हायचं तेच झालं. सगळा गाळ मेंब्रेनवर जाऊन बसला, पंप कण्हायला लागला, साहेबांनी दाब वाढवायला लावला आणि पडदा फाटला. तेव्हापासून शुद्ध पाणी निळं येतंय. परवा त्यात पांढऱ्या चादरी धुतल्या, त्या निळ्या झाल्या. साहेब म्हणाले, कालच्यापेक्षा फिकट आहेत, सुधारणा आहे. नवीन मेंब्रेन यायला महिना लागणार आणि उद्घाटन येत्या गुरुवारी. प्रमुख पाहुणे सर्वांसमक्ष पहिला पेला पिणार. पाणी निळं दिसलं तर माझी नोकरी गेलीच, म्हणून साहेबांनी तोडगा काढलाय: पेला स्टीलचा. मामा, मला अन्न गोड लागत नाही. आपल्या हातानं एका भल्या माणसाला ते पाजायचं, या विचारानं जीव नकोसा झालाय.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. पाण्याच्या खात्यातून निवृत्त झालेला कुणी जाणकार पाहुणा हवा, असं साहेब म्हणाले आणि माझ्या तोंडून तुमचं नाव निघून गेलं. आमंत्रण आज-उद्या पोचेल. हात जोडतो मामा, गुडघा दुखतोय म्हणून कळवा. येऊ नका.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात साहेब सांगून गेले की पाहुणे आले नाहीत तर पेला प्लांट सांभाळणाऱ्यानं प्यायचा. गुडघ्याबद्दल मामींचं म्हणणं मला आता पटायला लागलंय. गाडी गुरुवारी सकाळीच पाठवतो.