पाच घरांचा फ्रॉक

आई, नातीसाठी फ्रॉक शिवायला घेतलाय. कापड दादरहून आणलं, पांढऱ्यावर बारीक पिवळी फुलं. दुकानदार म्हणाला, "ताई, प्युअर कॉटन, डोळे मिटून न्या." डोळे मिटून न्या म्हणणाऱ्यासमोर मी डोळे फाडून उभी राहते, हे तुला ठाऊक आहे. घरी येऊन कडेचा एक दोरा ओढला आणि गॅसवर जाळून बघितला. राख झाली, गोळी झाली नाही, म्हणजे सुती होतं. तरी रंग जातो का बघायला कापड भिजत घातलंच. लेक फोनवर हसायला लागली. "आई, ऑनलाइन मागवला तर उद्या दारात येईल गं. तू काय कापडाचीपण पोलीस चौकशी करतेस?" हसेना का. तिचं पहिलं बाळ राहिलं नाही, त्यानंतरची ही पोर, त्यामुळे तिला हसताना ऐकलं की मला बरंच वाटतं. पण संशय घ्यायला मला कुणी शिकवलं, ते तिला माहीत नाही. तू शिकवलंस.

आपल्या लालबागच्या खोलीत कापडाला काय तोटा होता? बाबा गिरणीत कापड विणायचे. दिवाळीला दादाच्या शर्टासाठी गिरणीच्या दुकानातलं कोरं कापड यायचं, कडक, खळीचा वास येणारं. माझा फ्रॉक शिवायला मात्र तू हातमशीन घेऊन दाराशी बसायचीस आणि तुझ्या मांडीवर शेजारणींच्या जुन्या साड्या असायच्या. गळ्याची पट्टी एकीची, घेर दुसरीचा, फुग्याच्या बाह्या आणखी कुणाच्या. शाळेचा गणवेशसुद्धा वरच्या वर्गातल्या मुलीचा. मला कोरं का नाही, असं विचारलं की तू मान वर न करता म्हणायचीस, "तुका नवा सोसणा नाय. घाल गप." मला कधी पुरळ आलं नाही, खाज सुटली नाही. मग सोसत नाही म्हणजे काय? तेव्हापासून तुझ्या प्रत्येक उत्तराकडे मी वाकड्या नजरेने बघायला लागले.

आणि तो चाळीचा गणपती. मी दुसरीत असेन. आरतीला उभी आहे, अंगात पोपटी फ्रॉक आहे, घेर चांगला फुललाय, आणि मी जरा मिरवतेय. शेजारच्या खोलीतली मुलगी माझा घेर चिमटीत धरते आणि ओरडते, "ए, ही माझ्या आईची साडी!" टाळ वाजत असतात, पण ज्यांनी ऐकायचं ते ऐकतातच. मी पळत घरी येते, फ्रॉक काढून फेकते. तू तो उचलतेस, पुन्हा माझ्या डोक्यातून घालतेस आणि पाठीत एक धपाटा देतेस. "आंगातलो काढूचो नाय!" दारात दादा उभा. तो म्हणतो, "फ्रॉक काय, तुलापण अशीच आणलीय. बोहारणीला दोन साड्या दिल्या आणि तुला घेतली."

घरोघरी पोरांना असं चिडवतात, हे आता कळतं. तेव्हा मला सगळं नीट जुळल्यासारखं वाटलं. त्यानंतर बोहारीण जिन्यात ओरडली की मी कॉटखाली शिरायचे, मला परत घेऊन जाईल म्हणून. तू झोपलेली असताना तुझे कान निरखायचे आणि मग आरशात माझे. कुणी म्हणालं, "पोर गोड आहे हो तुमची," की तू लगेच, "कसली गोड? नकटी हा." सख्खी आई असं बोलेल? मी मोठी झाले, नोकरीला लागले, लग्न झालं, तरी तुला कधी विचारलं नाही. तू हो म्हणशील अशी भीती वाटायची. मग तू गेलीस, आणि विचारायचं राहूनच गेलं.

चाळ पाडून तिथेच टॉवर उभा राहिला. त्या पोपटी साडीच्या मालकीणबाई आता माझ्या खालच्या मजल्यावर राहतात, पार वाकल्यात. परवा त्यांच्याकडे फ्रॉकचं कापड दाखवायला नेलं. हात फिरवून म्हणाल्या, "कोरं घेतलंस? तुझ्या आईने तुला कोरं कधी घातलं नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "परक्याचं पोर असल्यावर कशाला घालेल?"

"येडी का काय तू? तुझ्याआधी दोन पोरी गेल्या तिच्या. तू झालीस तशी पाच घरी पदर पसरून आली. मागून आणलेलं अंगावर असलं की पोर टिकतं म्हणतात. मुलगा असता तर एक वेळ समजलं असतं, पोरीसाठी मागतेय म्हणून आम्ही हसलो होतो तिला."

"मग मला कोणी का नाही सांगितलं?"

"सांगायचं नसतं गं. बोललं की गेलं."

माझा विश्वास बसला नाही. म्हाताऱ्या बाईने मला बरं वाटावं म्हणून रचलं असेल. घरी येऊन दादाला फोन लावला. माझ्याआधी दोन मुली होत्या का, असं सरळ विचारलं. तो म्हणाला, "दोघी होत्या. एकीचा पाळणा आठवतो मला."

"आणि ते बोहारणीचं?"

"ते आईच सांगायची मला. मोठ्याने बोल म्हणायची, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

आई, ही पोर तुझी नाहीच, असं तुला ज्याला ऐकवायचं होतं, त्या दोघींना नेणाऱ्याने ते ऐकलं असेलही, मी जगले. पण मीही ऐकलं ना. इतकी वर्षं तुझे कान तपासत बसले. एकदा, मी चाळिशीची झाल्यावर तरी, सांगायचं होतंस. तू माझ्यासाठी पाच उंबऱ्यांवर पदर पसरलास हे कळून मी खूप रडले, आणि तरी मला तुझा राग येतोय. दोन्ही खरं आहे.

फ्रॉक आज झाला. या असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, मी जन्मभर नोकरी केलेली बाई आहे. तरी काल मी खाली गेले आणि त्यांच्याकडे जुन्या साडीचा तुकडा मागितला. कशाला हवा, ते त्यांनी विचारलंच नाही, म्हणजे त्यांना कळलं असणार. घेराच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा, तो लावला. संध्याकाळी लेकीने फ्रॉक उलटा करून बघितला. "हे आतून दुसरंच काय लावलंयस?" मी म्हटलं, कापड कमी पडलं. तिने माझ्याकडे बघितलं, अगदी मी तुझ्याकडे बघायचे तसं, आणि मी दोरा तोडत राहिले.

हे कागद मशीनच्या खणात चिंध्यांखाली ठेवतेय. तिला दाखवणार नाही. कापड कमी पडलं नव्हतं, आई. चांगलं अर्धा मीटर उरलंय.